आधी तोंडात, मग हातात

सप्ताहाच्या मांडवात कीर्तनाला अजून अर्धा तास असतो. सतरंज्या अंथरून झालेल्या असतात, माइकवाला आवाज तपासत असतो आणि एका कडेला मृदंग वाजवणारा पोरगा कणीक मळत बसलेला असतो. पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल. मळून झाली की तो तिचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धाम्यावर, मधोमध थापतो, ओल्या बोटांनी कडा बसवतो आणि उघड्या पंजाने एक थाप देतो. आवाज उंच आणि कोरडा आला तर आणखी चिमूटभर कणीक. फारच दबला तर थोडी काढायची. उजव्या तोंडावरची शाई कायमची असते, डाव्या तोंडावरची ही ओली कणीक मात्र दर वेळी नव्याने लावावी लागते आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढावी लागते, नाहीतर कातडे खराब होते. मग हातोडी घेऊन तो गठ्ठे ठोकतो. शेजारचा पेटीवाला एक सूर धरून ठेवतो आणि पखवाजाचे उजवे तोंड त्या सुरात विरघळेपर्यंत हा ठोकत राहतो.

हे त्याला कुठल्या वर्गात फळ्यावर शिकवलेले नसते. आधीच्या मृदंग्याजवळ बसून, बघून, चुकून आणि बोलणी खाऊन ते आलेले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यात, दौंड–मनमाड लोहमार्गावर काष्टी आहे. दौंडहून भीमा ओलांडली की हा मुलूख सुरू होतो. ऊस, दूध आणि जनावरांचा मोठा बाजार ही काष्टीची बाहेरची ओळख. संगीताच्या नकाशावर हे नाव कोणी शोधत नाही, कारण शास्त्रीय संगीत म्हटले की डोळ्यांपुढे पुणे, मुंबई, मिरज, धारवाड येतात. पण या भागाच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या काय पडत आले आहे ते बघितले पाहिजे. याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तुकोबांचे शिष्य निळोबाराय पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरचे. खुद्द श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले, ज्यांना वारकरी आपले संत मानतात. आषाढीला तुकोबांची पालखी पलीकडच्या दौंड तालुक्यातून यवत, वरवंड, पाटस अशी जाते. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन आणि त्यानंतरचा जागर या चार प्रहरांत वाढलेल्या मुलाला आठ मात्रांचा भजनी ठेका कुणी मोजून दाखवावा लागत नाही. तो त्याच्या चालण्यात असतो.

अशा मुलाने उद्या ठरवले की आपल्याला वाद्य रीतसर शिकायचे आहे, कलाशाळेत जायचे आहे, परीक्षा द्यायच्या आहेत, तर त्याची सुरुवात शून्यापासून होते का? शहरातल्या क्लासमध्ये तसेच गृहीत धरले जाते, आणि इथेच मोठी चूक होते.

भारतीय वाद्यशिक्षणाची पहिली पायरी वाद्यावर नसते, ती तोंडात असते. तबला असो की पखवाज, गुरू आधी बोल म्हणून घेतात. याला पढंत म्हणतात. 'धा धा दिं ता, किट धा दिं ता, किट तक गदि गन' हा चौतालाचा ठेका. बारा मात्रा, दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली. शिष्याने हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने हे बोल म्हणायचे. आधी संथ, मग त्याच टाळीत दुप्पट, मग चौपट. हात वाद्याला लागलेलासुद्धा नसतो. नवख्या पालकाला वाटते, महिना झाला, अजून पोराला तबल्यावर बसवलेच नाही! पण बोल म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. प्रत्येक अक्षर हे एका आघाताचे नाव आहे. 'ना' म्हटले की किनारीवरचे बोट, 'ग' म्हटले की डावा हात, 'धा' म्हटले की दोन्ही एकदम. तोंडात बोल स्वच्छ नसेल तर हातात तो स्वच्छ येऊच शकत नाही, असे जाणते उस्ताद आणि पंडित सांगत आले आहेत आणि कुठलाही वर्ग तासभर बघितला तरी त्याची खात्री पटते.

त्यातली गंमत तिहाईत कळते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून तिसऱ्या वेळी बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन आदळणे. कीर्तनात मृदंग्याने अशी तिहाई घेतली आणि टाळकऱ्यांचे टाळ नेमके त्याच क्षणी एकत्र पडले की अख्खा मांडव मान हलवतो. हिशेब असा असतो. तीनतालाच्या सोळा मात्रा आहेत. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा घेतला. पहिल्या मात्रेपासून सुरू केला तर तो पाचव्या मात्रेवर संपतो. एक मात्रा थांबायचे. सातव्यापासून अकराव्यापर्यंत दुसऱ्यांदा. पुन्हा एक मात्रा थांबायचे. तेराव्यापासून तिसऱ्यांदा, आणि शेवटचा 'धा' सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर. पाच अधिक एक, पाच अधिक एक, पाच. बेरीज सतरा. आता हाच तुकडा बारा मात्रांच्या चौतालात समेवर आणायचा असेल तर कुठून उचलावा लागेल? एका आवर्तनात तो मावणार नाही. तो दोन आवर्तनांत, म्हणजे चोवीस मात्रांत, बसवायचा. समेचा 'धा' धरून पंचवीस, त्यातून सतरा गेले, आठ उरले. म्हणून पहिल्या आवर्तनाच्या नवव्या मात्रेवर सुरुवात. गणितात रडणारी मुले हा हिशेब बोटांवर करतात, कारण त्याचे उत्तर कानाला लगेच कळते. चुकले की सम हातातून निसटते, आणि ते लपवता येत नाही.

तालवाद्याला बोल, तसे सूरवाद्याला गाणे. सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन यांपैकी काहीही शिकायचे असले तरी जो सूर गळ्यातून काढता येत नाही तो तारेतून काढणे अवघड जाते. अन्नपूर्णादेवींचे उदाहरण यात फार बोलके आहे. मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ हे त्यांचे वडील आणि गुरू. अन्नपूर्णादेवी स्वतः सुरबहार वाजवत, पण आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी मुंबईत राहत्या घरीच शिष्य घडवण्यात घालवली. त्यांच्याकडे सतार, सरोदवाले आले आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसियाही आले. वाद्ये निरनिराळी, पण त्या शिकवत ते गाऊन. शिष्याने ऐकायचे, गळ्यात घ्यायचे आणि मग आपापल्या वाद्यावर उतरवायचे. व्हायोलिनवादक एन. राजम यांनीही ओंकारनाथ ठाकूर या गवयाकडून तालीम घेतली आणि व्हायोलिन गात असल्यासारखे वाजवण्याची रीत घडवली. महाराष्ट्रात गजाननराव जोशी हे गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावले. त्यांच्या गजाची फेक ऐकताना ख्याल ऐकल्याचा भास होतो तो उगीच नाही.

काष्टीच्या पंचक्रोशीतल्या भजनी मंडळाकडे हे दोन्ही असते. अभंग म्हणणारा गळा असतो आणि बोल पाठ असलेले तोंड असते. नसते ते त्याचे नाव सांगणारे कोणी. पोरगा मालकंसातली चाल म्हणत असतो पण ती मालकंसातली आहे हे त्याला ठाऊक नसते; अमुक एक तुकडा तो 'आमच्या महाराजांचा' म्हणून वाजवतो, त्याला रेला म्हणतात हे त्याला कळलेले नसते. राग आणि रेला दोन्ही त्याचे स्वतःचे आहेत, फक्त त्यावरची पाटी वाचायला शिकवायचे आहे.

पखवाजाचा इतिहासही हेच सांगतो. महाराष्ट्रात पखवाजाचे जे घराणे सर्वांत नावाजले ते नाना पानसे यांचे. एकोणिसाव्या शतकातले हे वादक मूळचे वाई परिसरातले, कीर्तनाच्या साथीतून पुढे आलेले, आणि पुढे इंदूरच्या होळकर दरबारात मानाला चढलेले. ज्या होळकर घराण्याच्या अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यात चौंडीला झाला आणि ज्यांचे नाव आता जिल्ह्याला आहे, त्याच घराण्याच्या आश्रयाने कीर्तनातला हा मृदंग घराणे होऊन बहरला. देवळातले वाजवणे आणि दरबारातले वाजवणे यांत त्या काळी आजच्याएवढी भिंत नव्हती.

भिंत उभी राहिली ती बहुधा शाळा निघाल्यावर, पण शाळांनी केलेले काम इतके मोठे आहे की त्यांना दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६मध्ये गायनशाळा चालू केली. तोवर विद्या मिळायची ती घराण्यातल्या मुलाला, नाहीतर वर्षानुवर्षे गुरूच्या घरी पाणी भरणाऱ्याला. कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते चित्र पालटले. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांची दृष्टी अधू झाली, शाळेचे शिक्षण अडले, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि आपल्या जलशांच्या तिकिटांवर. वेळापत्रक, इयत्ता, स्वरलेखन, छापील पुस्तके, परीक्षा हे सगळे त्यात होते. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. मधल्या काळात कर्ज झाले, इमारत हातची गेली, पण त्यांनी तयार केलेले शिष्य देशभर पसरले आणि १९३१मध्ये त्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. भातखंड्यांचे काम त्याच सुमाराचे. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८चे, लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६चे.

ग्वाल्हेरच्या त्या विद्यालयाच्या आगेमागे आणखी दोन गोष्टी घडत होत्या, आणि काष्टीच्या दृष्टीने त्या जास्त जवळच्या आहेत. एक आळंदीला. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहून, माधुकरी मागून ज्ञानेश्वरी, गाथा आणि कीर्तन शिकू लागली. आज आळंदीत लहानमोठ्या अनेक वारकरी संस्था आहेत आणि त्यांतून गायनाबरोबर पखवाजही शिकवला जातो. दुसरी गोष्ट मैहरला, आताच्या मध्य प्रदेशात. तिथे साथीच्या रोगात आईबाप गेलेली पोरे गोळा करून बाबा अल्लाउद्दीन खाँनी १९१८च्या सुमारास वाद्यवृंद उभा केला. संगीताचा वारसा सोडाच, डोक्यावर छप्पर नसलेली मुले. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्य बनवले आणि तेही या मुलांच्या हाती दिले. ऐकवायचे, म्हणून घ्यायचे, वाजवून घ्यायचे, आणि जे येत नाही ते पुन्हा म्हणून घ्यायचे. तो वाद्यवृंद पुढे मैहर बँड म्हणून देशभर ओळखला गेला. सामान्य घरातल्या मुलाला शास्त्रोक्त वाद्य शिकवता येते की नाही हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी निकाली काढला आहे.

आजच्या विद्यार्थ्यापुढे सर्वांत सरळ वाट गांधर्व मंडळाच्या परीक्षांची आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार. गायनाप्रमाणेच तबला, पखवाज, संवादिनी, सतार, बासरी, व्हायोलिन अशा वाद्यांतही त्या देता येतात. वर्षातून दोन सत्रे होतात, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीनंतर. मुलाने प्रारंभिकपासून दरवर्षी एक परीक्षा दिली तरी विशारद होईपर्यंत सात वर्षे जातात, म्हणजे चौथीत बसलेला दहावीपर्यंत तिथे पोचतो. खरे तर सगळ्यांचे असे होत नाही. दहावीत गुण वाढवून मिळण्यासाठी शास्त्रीय कलांच्या परीक्षा ग्राह्य धरल्या जाऊ लागल्यापासून क्लासमधली गर्दी वाढली आणि दहावी झाल्यावर ती ओसरते, हे गावोगावचे शिक्षक सांगतात. काहींना त्यात कमीपणा वाटतो. वाटू नये. गुणांसाठी का होईना, तीन वर्षे रोज अर्धा तास बोल म्हटलेले मूल पुढे आयुष्यभर चांगला श्रोता राहते, आणि चांगल्या श्रोत्याशिवाय वादक जगत नाही.

काळजी वाटावी ती वेगळ्या कारणाने. परीक्षेला लागतात तेवढेच कायदे, तेवढेच पलटे घोटून घेण्याची सवय वर्गांना लागली आहे. कायदा म्हणजे बीज. 'धा धा तिट धा धा तिन्ना' एवढ्या छोट्या वाक्याची उलटापालट करत, त्याच अक्षरांतून नवे पलटे काढत विद्यार्थ्याने स्वतः विचार करायला शिकावे म्हणून तो असतो. गुरूने दोन पलटे दाखवायचे आणि तिसरा शिष्याने काढायचा, ही रीत. वहीत सहा पलटे लिहून दिले आणि ते पाठ झाले की पुढचा धडा, असे झाले तर मूल परीक्षा उत्तीर्ण होते पण हात बांधलेलाच राहतो. उलट सप्ताहातल्या मृदंग्याला रोज नवा कीर्तनकार, नवी चाल, नवी लय मिळते. महाराज मध्येच चाल बदलतात, अचानक लय वाढवतात, आणि पोराला डोळ्यांनी इशारा ओळखून तिथल्या तिथे वळावे लागते. सात दिवसांत तो जे शिकतो ते वर्गात वर्षभर शिकवता येणार नाही. त्याच्याकडे नसते ते बारकाव्याचे काम. विलंबित लयीत स्थिर राहणे, बोटाचे वजन सावरणे, तोंडी आलेल्या रचनेचे व्याकरण समजणे. ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यावर जोरात वाजवून वाजवून हात जड होतो, तो हलका करणे. या दोन शिक्षणांचे एकमेकांशी बोलणे झाले तर दोघांचेही भले होईल, आणि काही जाणते शिक्षक ते आजही करताना दिसतात. पखवाज वाजवणाऱ्या मुलाला तबला नव्याने शिकवायच्या ऐवजी पखवाजातच परीक्षेला बसवतात.

विशारदच्या पुढे पूर्ण वेळ कलाशिक्षण घ्यायचे तर या भागातल्या मुलाला पुणे जवळ पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. त्याच्या नावातच गुरुकुल हा शब्द आहे. संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही कलांत तिथे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि अहिल्यानगर जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठात कला शिकण्याचा फायदा नुसत्या पदवीचा नाही. तबलजीला तिथे नाटकवाल्यांचे काम बघायला मिळते, कथकच्या पढंतीला साथ करायला मिळते, घराण्यांचा इतिहास वाचावा लागतो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, तो १९५३पासून चालू आहे; रात्री तंबूत बसून मोठ्यांची मैफल ऐकणे हाही अभ्यासक्रमच. काष्टीहून दौंड, दौंडहून पुणे हा रेल्वेचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आत आहे. अंतर त्याहून मोठे आहे ते बोलीचे आणि संकोचाचे. 'तुमचं घराणं कुठलं?' या प्रश्नाला सप्ताहात शिकलेल्या पोराला उत्तर सुचत नाही.

त्याला सुचायला हवे. 'कीर्तनातलं' हे उत्तर नाना पानशांच्या बाबतीतही खोटे ठरले नसते.

पेटीची गोष्ट याला जोडूनच येते. हार्मोनियम हे परदेशातून आलेले, बारा ठरलेल्या सुरांचे वाद्य; त्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने त्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. त्या तीस वर्षांत गावच्या देवळातून पेटी एक दिवसही हलली नाही. नाटकमंडळ्यांत गोविंदराव टेंब्यांनी तिला स्वतंत्र वादनाची उंची दिलेली होतीच. पुढे अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी साथीचे वाद्य म्हणून तिचा दर्जा असा सिद्ध केला की मोठमोठे गवई त्यांच्यासाठी तारखा जुळवत. आज गांधर्वच्या परीक्षेत तिला संवादिनी म्हणतात. नाव कुठलेही असो, खेड्यातल्या मुलीला सर्वांत आधी हाताशी येते ते हेच वाद्य.

मुलींचा विषय इथे टाळून चालणार नाही. भजनी मंडळात बायका गातात, टाळ धरतात, अलीकडे पेटीही वाजवतात; पखवाजावर मात्र अजूनही बहुतेक पोरेच दिसतात. 'बाईच्या हाताला जोर येत नाही' हे कारण मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी केव्हाच खोटे पाडले आहे. त्या एकल तबलावादन करत आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासकांना लागतो. मुंबईच्याच अनुराधा पाल यांनी १९९६ साली स्त्रियांचा वाद्यवृंद उभा केला. परीक्षेचा एक मोठा उपकार असा की तिथे अर्जावर वाद्याचे नाव लिहायचे असते, बाई की पुरुष यावरून ते ठरत नाही. हरिपाठाला रोज आईबरोबर येणाऱ्या मुलीने पखवाज मागितला तर तिच्यापुढे पेटी सरकवू नये, एवढे तरी गावाला करता येईल.

वाद्य येते कुठून, हेही विद्यार्थ्याने बघायला हवे. मिरजेला जावे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरे बनतात. फरीदसाहेब हे त्या परंपरेतले आद्य नाव. घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. लढाया संपल्या, हत्यारांचे काम बसले आणि हे कारागीर सतारीकडे वळले. त्यांच्या वंशातली माणसे आजही तो धंदा करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा जो मोठा गोल भोपळा असतो तो खाण्याचा नव्हे, कडू भोपळा. आणि तो पिकतो पंढरपूरच्या आसपास, भीमेच्या काठी. काष्टीच्या खालून वाहणारी भीमाच पुढे त्या भोपळ्यांना पाणी पाजते. वेलावर वाढवायचा, पूर्ण सुकवायचा, आतला गर काढायचा आणि मग त्यावर लाकडाचे काम. तयार तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढेमागे झाला की तार एकदम खुलते, एका सुरातून आणखी सूर ऐकू येऊ लागतात. याला जवारी म्हणतात. मुलाच्या हातात तो दोरा देऊन 'कुठे थांबायचं ते तूच सांग' म्हटले की कानाची परीक्षा तिथेच होते.

गावातली खरी अडचण मात्र सतारीची नाही, पुडीची, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या कातड्याची, आहे. पावसाळ्यात हवा ओली झाली की पखवाजाचे कातडे सैलावते, गठ्ठे कितीही ठोकले तरी सूर टिकत नाही. उन्हाळ्यात ते इतके ताणते की एखाद्या रात्री कीर्तनाच्या ऐन रंगात किनारीपाशी फाटते. पुडी बदलणारा, शाई भरणारा कारागीर प्रत्येक तालुक्यात राहिलेला नाही. शाई म्हणजे लोखंडाचा कीस, खळ यांचे मिश्रण थरावर थर चढवून, दगडाने घोटून घोटून वाळवायचे. एकेका थराला वेळ लागतो आणि कारागिराकडे रांग असते. मग वाद्य कापडात गुंडाळून मोठ्या गावाला पाठवायचे आणि निरोपाची वाट बघायची. शाळेत किंवा मंडळात एकच पखवाज असेल तर शिकणारी पाच-सात पोरे तेवढे दिवस रिकामी.

रिकामी असे म्हणायचे, पण तसे होत नाही. संध्याकाळी सगळी देवळाच्या ओट्यावर जमतात. शिकवणारा मध्ये बसतो, मांडीवर टाळी-खाली देतो आणि एकेकाकडे बघतो. पहिला चौताल म्हणतो, दुसरा तोच दुप्पट करतो, तिसऱ्याला तिहाई घ्यायची असते. नवव्या मात्रेवर उचलायची. तो आठव्यावरच उचलतो, शेवटचा 'धा' समेच्या एक मात्रा आधी पडतो, बाकीची ओरडतात. 'परत म्हण,' शिकवणारा सांगतो, आणि टाळी पहिल्यापासून सुरू होते.